दावी एन्योनामचं दार

१

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी एन्योनाम चर्चमधून घरी आली, कमरेची किल्ली सोडली, हात पुढे केला, आणि किल्ली लावायला समोर दारच नव्हतं.

कुलूप फोडलेलं नव्हतं. दार किलकिलं नव्हतं. दार नव्हतंच! चौकट होती, चौकटीला बिजागऱ्या लोंबत होत्या, आणि आतली खोली अख्ख्या अंगणाला दात दाखवत उभी होती. पलंग, रेडिओ, मक्याच्या पिठाचे अबोलो वाफवून विकायची मोठाली पातेली, पोरीची शाळेची ट्रंक, सगळं जिथल्या तिथे. चोराने साध्या चमच्यालाही हात लावला नव्हता. नेलं होतं ते फक्त दार. ओडुमच्या लाकडाचं, जाडजूड, कुलपासकट.

एन्योनामची मुलगी सित्सोफे जरा मागून, मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकून गात गात आली. वर्षअखेरचं जागरण, रात्रभर टाळ्या आणि नाच, त्याने तिचा आवाज पार बसला होता. फाटकातून आत शिरताच तिचं गाणं अर्ध्यावरच तुटलं.

"मा! दार कुठंय?"

"मला काय विचारतेस? मी खाल्लं!" एन्योनाम म्हणाली आणि पायरीवर मटकन बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते आलं असतं तर सित्सोफेला बरं वाटलं असतं.

हे दार कुणाला नको होतं ते डेनू गावच्या बाजारातल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. घरमालक पापा डोग्बे यांना या जागेवर दुमजली दुकानं बांधायची होती. त्यासाठी भाडेकरू जायला हवे होते, आणि कोर्टाच्या कागदाशिवाय भाडेकरूला हलवता येत नाही. मग त्यांनी दुसरी वाट धरली. आधी न्हाणीघराचे पत्रे 'दुरुस्तीला' काढले. मग नळ 'बिघडला'. दोन बिऱ्हाडं कंटाळून गेलीसुद्धा. उरलेल्यांत होती एन्योनाम, जिला सगळं घर थोरल्या बहिणीसारखं दावी म्हणायचं. ती गेली नाही. ती गेली सरळ भाडे-कचेरीत, सगळ्यांच्या वतीने तक्रार ठोकून आली. कचेरीच्या मॅडम क्लुत्से उद्या सकाळी घर बघायला येणार होत्या.

आणि आज दार नाही.

फाटक वाजलं. पांढऱ्याशुभ्र नव्या कपड्यांत, हातात बायबल, पापा डोग्बे आत आले. रिकाम्या चौकटीकडे बघून त्यांनी हळहळत मान हलवली.

"अरेरे, दावी," ते म्हणाले, "माझं दार कुणाला विकलंस?"

२

सित्सोफेला राग आला की तिचे पाय थाऱ्यावर राहत नसत. आत्ता ती पायरीपासून कडुनिंबापर्यंत आणि कडुनिंबापासून पायरीपर्यंत येरझाऱ्या घालत होती.

"आम्ही विकलं? आमचं दार आम्हीच काढू? आम्हाला काय थंडी वाजत नाही?"

"हळू, पोरी. वादविवादात बक्षीस मिळालं म्हणून वडीलधाऱ्यांवर ओरडायचं नसतं." पापा डोग्बे शांत होते, आणि तेच वाईट होतं. "मी रात्रभर पहिल्या रांगेत होतो. पास्टरना विचार. तुझ्या आईला विचार, माझी पाठ बघत बसली होती ती. मी कुठे हललो का, दावी?"

"नाही हललात," एन्योनाम म्हणाली. ती खोटं बोलत नसे. कधीकधी सित्सोफेला वाटायचं, थोडं बोलली तर काय बिघडेल!

"मग विचारू या जो इथं होता त्याला. आफी आजी!"

रात्री घरात एकटी म्हातारी भाडेकरू आफी आजीच होती, बाकी सगळे नव्या वर्षासाठी बाहेर गेले होते. तिचे गुडघे गेलेले, डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला, पण कान असे की शेजारच्या गल्लीत कुणी शेंगदाणा सोलला तरी हिला कळावं. ती काठी टेकत दारात आली, मागे तिच्या कोंबड्या.

"मी काय ऐकलं? मध्यरात्री फटाके! कान किटले नुसते. मग डुलकी लागली. मग झाडूचा आवाज आला, सर्र सर्र, अंगण झाडल्याचा. म्हटलं झाली पहाट. उठले, चाचपडत गेले, खुराडं उघडलं. तर या महाराण्या बाहेरच येईनात! नव्या वर्षाचा आळस. म्हटलं मरा, आणि परत पडले. मग उठले ती सित्सोच्या किंकाळीने."

"म्हणजे झाडू ऐकेपर्यंत सगळं शांत?" पापा डोग्बेंनी विचारलं.

"चिडीचूप. पहाट झाल्यावर काय झालं ते देव जाणे."

पापा डोग्बेंनी सावकाश अंगणाकडे हात केला. वाळूवर झाडूच्या रेघा खरंच होत्या, छान अर्धगोल. "म्हणजे पहाटेपर्यंत दार जागेवर. पहाटे कुणीतरी अंगण झाडलं, आणि त्यानंतर दार गेलं. आता सांगा, चर्चमधून सगळ्यांच्या आधी, पहाटे, एकटं कोण उठून आलं?"

एन्योनाम पायरीवरून उठली.

"मी आले," एन्योनाम म्हणाली. "अबोलो वाफवायचे होते. पण मी झाडलं नाही. आले तेव्हा झाडलेलंच होतं. वर पानंसुद्धा पडली होती."

"भुताने झाडलं असेल," पापा डोग्बे म्हणाले. "उद्या मॅडमना हेच सांगू. मालकाला बदनाम करायला भाडेकरूने घराचं दार मोडलं. दावी, घर मोडणाऱ्या भाडेकरूला कायदासुद्धा पाठीशी घालत नाही, माहीत आहे ना तुला?"

एन्योनामच्या चेहऱ्यावरून सित्सोफेला कळलं, की आईला ते माहीत आहे. ही खोली गेली तर दुसरी नव्हती. आणि आई खोटी ठरली की तक्रारही खोटी, म्हणजे आफी आजीही रस्त्यावर.

"मग शोधा!" सित्सोफे ओरडली. बसलेल्या आवाजातून ते कावळ्यासारखं निघालं. "दार म्हणजे काय टाचणी आहे? सगळ्या खोल्या शोधा! आत्ता!"

पापा डोग्बे हसले. "शोधू या की," ते म्हणाले. आणि ते इतक्या चटकन तयार झाले की सित्सोफेने वळून पुन्हा त्यांच्याकडे बघितलं.

३

शोधलं. पापा डोग्बेंनीच पुढे होऊन शोधलं.

आफी आजीच्या खोलीत मिळाली कोंबड्यांची पिसं. रिकाम्या दोन खोल्यांत झुरळं. मालकाच्या गोदामात सिमेंटची पोती, कडक झालेली. मालकाचा भाचा सेन्यो राहायचा त्या खोलीत एक गादी, खूप बूट आणि बायकांचा एक रुमाल, ज्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

शेवटची खोली आवुमे मास्तरांची. हे शाळेत शास्त्र शिकवायचे आणि घरी सगळ्यांना शहाणपण. आजीने रात्री नखं कापू नकोस म्हटलं की ते मुद्दाम अंगणात बसून नखं कापत. हार्मटानचा, वाळवंटाकडून येणारा कोरडा धुळीचा वारा सुरू झाला, की मात्र त्यांची सगळी ऐट धुळीत. नाक वाहायचं, डोळे लाल व्हायचे. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून ते आत बसत आणि जेवणसुद्धा खिडकीतून घेत. सित्सोफे त्यांना पाठीमागे गोगलगाय म्हणायची.

आज मास्तर दार सताड उघडून, दाराला पाठ टेकून उभे होते.

"या, या! पलंगाखाली बघा. आक्छी! लाजू नका. गादी उचला. आक्छी! शास्त्राच्या माणसाकडे लपवायला काही नसतं."

पलंगाखाली चपला होत्या. कपाट हातभर रुंद. खोली तर अशी की एका नजरेत संपावी. सित्सोफेने तरी आत जाऊन भिंतींवर टकटक करून पाहिलं.

"विटा आहेत, बाळ," मास्तर नाक पुसत म्हणाले. "तुझ्या आईचं वाईट वाटतं मला. पण तिला सांग, मॅडम यायच्या आत मालकाची माफी माग. मोठ्या माणसांशी वैर परवडत नाही आपल्याला."

"माफी? कशाची?"

"मी आपलं भल्यासाठी सांगतो."

सित्सोफे बाहेर आली ती पाय आपटतच. दार घरात नाही. म्हणजे बाहेर गेलं. अंगणाच्या भिंतीवर काचांचे तुकडे रोवलेले, त्यावरून एवढं धूड कोण नेणार? म्हणजे फाटकातून गेलं. आणि फाटकासमोर रात्रभर एक माणूस बसलेला होता.

मुन्तारी चहावाला आपल्या टपरीत अंडी फेटत होता.

"मुन्तारी, रात्री आमच्या फाटकातून दार बाहेर गेलं?"

"काय गेलं?"

"दार, दार! लाकडी दार!"

"ऐक, सित्सो." मुन्तारीने अंडं तव्यावर ओतलं. "काल मी अख्ख्या गावाला पुरतील एवढी ऑम्लेटं केली. कोण आलं, कोण गेलं, तोंडं बघायला फुरसत नव्हती. तुमच्या फाटकातही किती जण शिरले नि निघाले. पण दार? एवढं दार माझ्या समोरून गेलं असतं तर मी त्याला नमस्कार केला असता. दार नाही गेलं. खिडकीसुद्धा नाही."

"नक्की?"

"माझ्या आईची शपथ. आणि तुमचा तो सेन्यो? हाताला केवढं फडकं बांधलंय त्याने, बघितलंस? विचार त्याला रात्री कुठं होता."

सित्सोफेने मुन्तारीचं वाक्य पुरतं ऐकलंच नाही. ती धावत सुटली होती.

४

सेन्यो विहिरीच्या कठड्यावर बसला होता, उजव्या हाताला खरंच फडकं.

"एफो सेन्यो! ए दादा, बिजागरी काढताना हात कापला ना?"

"काय?"

"मामाने सांगितलं आणि तू केलंस! दार काढलंस, ओढत नेलंस, खुणा पुसायला अंगण झाडलंस! आणि आता माझी आई चोर!" सित्सोफेचा आवाज फाटला. सगळं कसं चपखल बसत होतं. तिला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

सेन्यो आधी चिडला, मग लाजला, मग हळूच फडकं सोडलं. तळहात भाजलेला होता, लालभडक फोड. "फटाका हातात फुटला. मुन्तारीच्या टपरीमागे. देलाली होती बरोबर, शिंपिणीची मुलगी. तिच्यासमोर ऐट मारायला गेलो. तिच्या भावाला सांगू नकोस, माझं थोबाड फोडेल." मग एकदम त्याला दुसरंच काहीतरी खटकलं. "आणि काय म्हणालीस? मी रात्री झाडू मारला? रात्री? घरातलं नशीब बाहेर लोटायला? माझी आजी कबरीतून उठून कानफटात मारेल! मामा सांगेल ते मी करतो, न्हाणीघराचे पत्रे मीच काढले, खोटं कशाला बोलू. पण रात्री झाडू? कुणी झाडू मारतं का रात्री?"

"रात्री कोण म्हणालं? पहाटे..." सित्सोफे बोलली आणि थांबली.

पहाटे कशावरून?

तिने डोकं खाजवलं. सेन्योची माफी मागितली, पुटपुटत, कारण माफी मागणं तिला कधीच जमायचं नाही. मग दुपारभर ती जाईल तिथे जागा बदलत राहिली. खोलीत बसवेना, अंगणात उभं राहवेना. आईने चौकटीला आपलं निळं-पिवळं लुगडं बांधलं होतं. वारा आला की ते फुगायचं आणि आतला पलंग दिसायचा. येणारेजाणारे बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे. एन्योनाम अबोलो पानांत बांधत राहिली, एकापाठोपाठ एक, जशी काही अजून महिनाभर याच चुलीवर वाफवणार आहे.

"मा, उद्या त्या मॅडमना तू काय सांगशील?"

"जे झालं ते."

"पण आपल्याला माहीतच नाही काय झालं ते!"

"मग तेच सांगीन."

सित्सोफेने कपाळावर हात मारून घेतला.

सूर्य बुडाला. आफी आजी काठीने चाचपडत कोंबड्या मोजत होती. "सित्सो, एक तांबडी कमी आहे बघ. गेली का आत?"

सित्सोफेने खुराड्यात डोकावलं. अंधार पडायला लागताच सगळ्या आपापल्या आत शिरल्या होत्या, खांद्याला खांदा लावून, माना पंखांत. तांबडी अगदी मागे. तिला मोजायला पुढे आणावं म्हणून सित्सोफेने हाक मारली, मक्याचे दाणे टाकले, काठीने ढोसलं. तांबडीने एक डोळा उघडला आणि मिटला.

"येत नाही," सित्सोफे म्हणाली.

"अंधारात कशी येईल?" आजी म्हणाली. "कोंबडी आहे ती, चर्चला जाणारी पोर नाही. उजेड दिसल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत..."

आजीचं वाक्य तिथेच थांबलं. म्हातारीचे आंधळे डोळे आणि पोरीचे टकटकीत डोळे एकमेकांकडे वळले.

"अगं बाई," आफी आजी म्हणाली. "मग मी उठले तेव्हा..."

५

मॅडम क्लुत्से सकाळी आल्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर धुळीची रेघ. रात्रभर एन्योनाम लुगड्याच्या पडद्याआड उंबऱ्यावर बसून होती. अंगणात पान हललं तरी तिला दिसत होतं. सित्सोफेही टक्क जागी. तिने आईला काही सांगितलं नव्हतं. तिला खात्री होती, आणि सेन्योच्या प्रकरणानंतर तिला खात्रीचीच भीती वाटत होती.

पापा डोग्बेंनी आपली बाजू मांडली, गोड आवाजात. पहाट, झाडू, एकटी दावी. मॅडमनी आफी आजीला विचारलं, "आजी, हे खरं?"

"मी झाडू ऐकला हे खरं," आजी म्हणाली. "ती पहाट होती हे खोटं. उरलेलं ही पोरगी सांगेल. माझा श्वास पुरत नाही."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. सित्सोफे अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"मॅडम, आपल्याकडे अंगण कधी झाडतात? पहाटे. रात्री कुणी झाडत नाही, अपशकून असतो. म्हणून आजीने झाडू ऐकला आणि समजली, पहाट झाली. आजीला दिसत नाही. पण कोंबड्यांना दिसतं. आजीने खुराडं उघडलं, तर एकही बाहेर आली नाही. कारण बाहेर मिट्ट काळोख होता! झाडू चालला तो ऐन रात्री, फटाक्यांनंतर. म्हणून तर मा पहाटे आली तेव्हा झाडलेल्या रेघांवर पानं पडलेली होती. दार तेव्हाच गेलेलं होतं. फटाक्यांच्या धडाधडीत ते बिजागऱ्यांपासून सुटलं आणि ओढलं गेलं, म्हणून आजीला ऐकू आलं नाही. तेव्हा मा माझ्या शेजारी चर्चमध्ये नाचत होती, आणि मा नाचली की सगळ्या चर्चला कळतं."

कुणीतरी खुदकन हसलं. एन्योनामने डोळे वटारले.

"तेव्हा मीही चर्चमध्ये होतो," पापा डोग्बे म्हणाले.

"होतात. तुम्ही नाही काढलं. आता बघा, अंगण झाडायची गरज का पडली? दोघं असते तर दार उचलून नेलं असतं. एकटा होता, ओढत नेलं, वाळूत चर पडला, तो पुसायला झाडू लागला. ओढत कुठे नेलं? फाटकातून दार गेलं नाही, मुन्तारी शपथेवर सांगेल. म्हणजे ते इथेच आहे."

"सगळ्या खोल्या काल शोधल्या," पापा डोग्बे म्हणाले. आवाजातली साय जरा फाटली होती.

"शोधल्या. पलंगाखाली, गादीखाली, कपाटात." सित्सोफे एकेक पाऊल चालत अंगण ओलांडत होती. "आता मला सांगा, या घरात असा कोण आहे, जो रात्री झाडू मारायला भीत नाही? जो आजीच्या सगळ्या समजुतींना हसतो? आणि धुळीच्या दिवसांत फटीला टॉवेल लावून बसणारा माणूस काल दिवसभर, आणि आज सकाळपासून, शिंकत शिंकत दार उघडं टाकून का उभा आहे?"

आवुमे मास्तर आपल्या दाराला पाठ लावून उभे होते. ते शिंकलेसुद्धा नाहीत.

"मास्तर, जरा बाजूला व्हा."

ते हलले नाहीत. सेन्यो पुढे आला आणि त्याने त्यांना नुसतं बाजूला केलं, एखादी खुर्ची सरकवावी तसं. सित्सोफेने उघडं दार आपल्याकडे ओढलं.

त्या दारामागच्या भिंतीला टेकून, कुलपासकट, एन्योनामचं दार उभं होतं. सगळ्यांनी खोली शोधली होती, उघड्या दाराच्या मागे बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

६

मास्तर कोसळायला फार वेळ लागला नाही. पापा डोग्बेंनी त्यांना नव्या इमारतीत खालच्या मजल्याची खोली देऊ केली होती, शिकवणीसाठी, रस्त्याच्या तोंडाला. फक्त दावीची तक्रार मोडायला हवी होती, म्हणून ते फटाक्यांच्या वेळी गर्दीतून गुपचूप घरी परतले होते. "मी म्हटलं, एक दारच तर आहे," मास्तर रडत म्हणाले. "मी माणसांना तर काही केलं नाही."

एन्योनामने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मॅडम क्लुत्सेंनी चष्मा पुसला. दार आजच्या आज मालकाने स्वतःच्या खर्चाने बसवायचं. नळ सुरू करायचा. न्हाणीघरावर पत्रे. "आणि पापा डोग्बे, या लोकांना काढायचं असेल तर कोर्टात जा. न्यायाधीश काय सांगतील ते सगळेच ऐकू. दारं, पत्रे आणि पाणी यांतलं काहीही पुन्हा हललं, तर तुम्हाला मीच कोर्टात घेऊन जाईन." तक्रार उभी राहिली. खोली उभी राहिली. आफी आजीने तिथल्या तिथे, गुडघे विसरून, एक छोटी गिरकी मारली.

मॅडमची टॅक्सी वळली आणि पापा डोग्बेंच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं नवं वर्ष उतरलं. ते एन्योनामला काही करू शकत नव्हते. ते वळले मास्तरांकडे.

"मी तुला काही सांगितलं नव्हतं! चोर! माझ्या घरात चोर नको. सेन्यो, याचं सामान बाहेर काढ. आत्ता!"

सेन्योला मजाच आली. त्याने आनंदाने पहिला गठ्ठा फेकला. शास्त्राची पुस्तकं वाळूत पसरली. मग चपला. मग गादी. फाटकात गर्दी जमली, मुन्तारी कलथा हातात घेऊन आला. "फेका, फेका!" कुणीतरी म्हणालं. सित्सोफेही म्हणाली. तिने तर टाळ्यासुद्धा वाजवल्या. मास्तर भिंतीशी हात लोंबते सोडून उभे होते. सेन्यो मास्तरांची लोखंडी ट्रंक ओढत दाराबाहेर आला.

"ठेव ती खाली."

एन्योनाम मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली होती. अबोलोच्या पिठाने माखलेले हात कमरेवर.

"बाजूला हो, दावी," पापा डोग्बे म्हणाले. "याने तुझंच दार चोरलं!"

"चोरलं. पोलिसात द्या, मी साक्ष देईन. पण खोलीतून काढायला कोर्टाचा कागद लागतो. आहे तुमच्याकडे?"

"अगं पण हा..."

"कागद आहे?"

पापा डोग्बेंनी गर्दीकडे बघितलं. मुन्तारीने कलथा पाठीमागे लपवला. पापा डोग्बे काहीतरी पुटपुटले, बायबल काखेत मारलं आणि गेले.

"सेन्यो, गादी आत ने. सित्सो, ये, ट्रंक धर."

सित्सोफे जागची हलली नाही. रागाने तिचे कान गरम झाले होते. "मी नाही धरणार! मा, तू याला माफ केलंस?"

"माफ?" एन्योनामने वाकून ट्रंकेचं एक कडं उचललं. ती मास्तरांना ऐकू जाईल अशी बोलली, अगदी सरळ. "मरेपर्यंत याच्याशी शब्द बोलणार नाही मी. माझ्या चुलीवरचं घोटभर पाणीसुद्धा याला नाही. पण हा इथेच राहील. आज याला फेकू दिलं तर उद्या तुला फेकतील, आणि तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलू? धर दुसरी बाजू."

सित्सोफेने मास्तरांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. तिने ओठ चावला, पाय आपटला, आणि दुसरं कडं उचललं. मेली ट्रंक भलतीच जड होती.